गिटारीचा सरस: स्वस्तात घ्यावा, पण पारखून

बेळगावात रविवार पेठेच्या किंवा खडेबाजाराच्या अंगाला असलेल्या रंगाच्या एखाद्या जुन्या दुकानात सरस, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद, मागितला, की पहिला प्रश्न येतो, "चुन्यात घालायला की लाकडाला?" प्रश्न रास्त आहे. भिंतीचा चुना हाताला लागू नये म्हणून त्यात सरस घालायची पद्धत अजून पुरती गेलेली नाही, आणि त्या कामाला कसलाही सरस चालतो. "लाकडाला" म्हटलं तरी हात बहुधा त्याच पोत्यात जातो. गिटार करणाऱ्याने सावध व्हायचं ते इथेच.

त्या पोत्यातला माल दोन रूपांत असतो. एक, कडकन तुटणाऱ्या तपकिरी लाद्या. दुसरा, मधाच्या रंगाचे गोल दाणे. मूळ द्रव्य दोन्हींचं एकच, कोलॅजेन. जनावराच्या कातड्यात, स्नायूंच्या बंधांत आणि हाडांत हे प्रथिन असतं. पाण्यात बेताच्या उष्णतेवर बराच वेळ ठेवलं की त्याचे पीळ सुटतात आणि ते पाण्यात उतरतं. गार झालं की थिजतं, वाळलं की टणक होतं. कातड्याचा सरस मंद आचेवर निघतो, त्यामुळे त्यातल्या रेणूंच्या साखळ्या लांब राहतात. हाडांचा सरस जुन्या रीतीने काढताना दाबाखालची वाफ पुन्हा पुन्हा द्यावी लागते. साखळ्या तुटून आखूड होतात, शिवाय थोडी चरबी आणि क्षार मागे उरतात. म्हणून तो ढवळला की फेसाळतो, पातळ राहतो आणि जोड ठिसूळ येतो. गोल दाण्यांचा सरस बहुतांशी हाडांचाच असतो. वह्यांच्या बांधणीला आणि कपाटाच्या फळीवर व्हिनियर चिकटवायला तो चांगला. गिटारीच्या ब्रिजला, म्हणजे पुढच्या फळीवर तारा अडकवायच्या लाकडी पट्टीला, नको.

पण "हाडांचा म्हणजे वाईट" असंही सरसकट म्हणता येत नाही. कारखान्यात हाडं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यांतली खनिजं विरघळवली, की मागे मऊ ओसीन, म्हणजे हाडातलं कोलॅजेन, उरतं. ते चुन्याच्या पाण्यात काही आठवडे मुरवून मंद आचेवर काढलेलं जिलेटिन कातड्याच्या उत्तम सरसाच्या तोडीचं असतं. औषधांच्या कॅप्सूल आणि फोटोच्या फिल्म याच जिलेटिनवर चालत आल्या. आपल्याकडे कोची आणि जबलपूरला असे कारखाने आहेत. तेव्हा हाड की कातडं हा मूळ प्रश्नच नाही. माल किती सोसून आलाय, त्याच्यात किती जोर शिल्लक आहे, एवढंच बघायचं.

आता एवढा खटाटोप कशाला, फेविकॉल आहे की, असं कुठलाही सुतार म्हणेल. 1959 साली फेविकॉल आला आणि सुताराच्या शेडमधलं सरसाचं उकळतं डबडं हळूहळू हद्दपार झालं, ते काही उगीच नाही. वास नाही, तापवणं नाही, घाई नाही. टेबल-खुर्चीला तो उत्तमच आहे. गिटारीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिचे जोड कधी मोकळे बसत नाहीत. 12 ते 53 गेजचा (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) पोलादी तारांचा संच सुरात लावला, की सहा तारांचा मिळून ताण साधारण 70 ते 75 किलो भरतो. नायलॉनच्या तारांचा 40 च्या आसपास. हा ताण रात्रंदिवस ब्रिजला पुढे ओढत असतो आणि तिरका उपटतही असतो. पांढरा गोंद वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो. उन्हात उभ्या गाडीत गिटार राहिली की तो मऊ पडतो आणि ब्रिज केसभर सरकतो. सरस वाळला की कडक होतो, सरकत नाही. दुसरा फायदा दुरुस्तीचा. ऊब आणि ओलावा दिला की सरसाचा जोड लाकूड न फाटता सुटतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो. वाळलेल्या फेविकॉलवर काहीच धरत नाही, फेविकॉलसुद्धा. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेसने केलेल्या गिटारी आणि अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या 1930 च्या दशकातल्या गिटारी आजही उघडून, सांधून पुन्हा वाजत्या करता येतात, त्यामागे सरसाचा वाटा मोठा आहे.

पैशाचा हिशेब आधी मिटवून टाकू. एका गिटारीला, सांडलवंड आणि चाचण्यांचे तुकडे धरूनही, कोरडा सरस 100 ग्रॅमच्या वर लागत नाही. एवढ्याशा मालात किलोमागे दोन-चारशे रुपये वाचवण्यात काही अर्थ नाही. महाग पडतो तो सुटलेला ब्रिज. परदेशातून खास वाद्यांसाठी म्हणून सरस मागवायचा, तर मालापेक्षा टपाल आणि जकातच जास्त होते. त्याचीही गरज नाही. सरस आणि खाण्याचं जिलेटिन हे एकाच पदार्थाचे दोन दर्जे आहेत. खाण्याचं जास्त स्वच्छ, एवढाच फरक. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात 50 किंवा 100 ग्रॅमच्या पुडीत मिळणारं साधं, बिनवासाचं, बिनरंगाचं जिलेटिन हा आपल्या भागात मिळणारा सगळ्यात सोयीचा सरस आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घेताना पुडी मात्र उलटून वाचायची. केकच्या दुकानात "व्हेज जिलेटिन" नावाने जे मिळतं ते अगर-अगर, म्हणजे आपला चायना ग्रास, नाहीतर कॅराजीनन असतं. दोन्ही समुद्री शेवाळातून येतात. जेली झकास जमते, लाकूड मात्र तसूभर चिकटत नाही. जेली क्रिस्टलच्या पुडीत निम्म्याहून कितीतरी जास्त साखरच असते, तीही बाद. आणि घरात शाकाहार पाळत असतील तर सरसाचं भांडं, चमचा, थर्मामीटर सगळं वेगळं ठेवायचं आणि कामाच्या जागीच तापवायचं. स्वयंपाकघरात शिजवून घरच्यांचा रोष ओढवून घेण्याइतकी कुठलीही गिटार मोठी नाही.

जोर मोजायचं माप म्हणजे ब्लूम. ऑस्कर ब्लूम या अमेरिकी माणसाने 1925 साली त्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. 6.67 टक्क्यांचं द्रावण 10 अंशांवर सोळा-अठरा तास थिजवायचं आणि 12.7 मिलिमीटर व्यासाची चपटी दांडी त्यात 4 मिलिमीटर रुतवायला किती ग्रॅम भार लागतो ते बघायचं. तोच ब्लूमचा आकडा. गिटारीला 190 ते 250 मधला माल हवा. दीडशेच्या आतला ब्रिजला कमजोर. तीनशेचा फार लवकर थिजतो आणि वाळताना फार आकसतो. हा आकस किती जबरदस्त असतो ते बाटलीत दिसतं: काचेच्या बरणीत दाट सरस तसाच वाळू दिला तर तो आक्रसताना काचेच्या कपच्या ओढून काढतो. नक्षीदार काच करायला पूर्वी हीच युक्ती वापरत. म्हणून उरलेला सरस काचेत कधीही वाळू द्यायचा नाही.

छोट्या पुडीवर बहुतेकदा ब्लूमचा आकडा नसतो, पण घरी तुलना करता येते आणि ती करण्यासारखी आहे. ज्याचा आकडा माहीत आहे असा थोडा माल एकदाच मिळवायचा. औषध किंवा मिठाई उद्योगाला कच्चा माल पुरवणारे आकडा छापतात. दोन सारखे, तोंडाला रुंद ग्लास घ्यायचे. प्रत्येकात साडेसात ग्रॅम जिलेटिन आणि 105 मिलिलिटर पाणी. एकात ओळखीचा माल, दुसऱ्यात नवा. अर्धा तास भिजू द्यायचं, गरम पाण्यात ग्लास ठेवून 60 अंशांपर्यंत विरघळवायचं, झाकून रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. सकाळी अर्धा इंच जाडीची, टोकाला सपाट कापलेली लाकडी दांडी घ्यायची आणि टोकापासून 4 मिलिमीटरवर पेन्सिलची रेघ मारायची. पुठ्ठ्याला भोक पाडून तो ग्लासवर ठेवला की दांडी सरळ राहते. दांडीच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा हलका पेला चिकटवून त्यात सावकाश पाणी ओतत जायचं. रेघ जेलीच्या पातळीला टेकली की थांबायचं, आणि दांडी, पेला, पाणी असं सगळं एकत्र वजनकाट्यावर ठेवायचं. घरचा फ्रिज 10 अंशांपेक्षा गार असतो, त्यामुळे आकडा खऱ्या ब्लूमपेक्षा वर येतो. त्याने बिघडत नाही, कारण दोन्ही ग्लास एकाच गारव्यात होते. ओळखीचा 225 चा माल जिथे 300 ग्रॅमला रुतला तिथे नवा 200 ला रुतला, तर तो साधारण 150 चा, म्हणजे ब्रिजला नको. रात्री वीज गेली असेल तर चाचणी पुन्हा करायची, अर्धवट थिजलेल्या जेलीवर निवाडा देऊ नये.

दुसरी चाचणी लाकडावरची. ज्या लाकडाची गिटार आहे त्याचेच दोन तुकडे, 20 मिलिमीटर रुंद, एकमेकांवर 25 मिलिमीटर चढवून चिकटवायचे. चोवीस तासांनी शिकंज्यात धरून मोडायचे. लाकडाचे तंतू उपटून आले तर माल आणि हात दोन्ही पास. दोन्ही बाजूंना सरसाचा चकचकीत थर दिसला तर चूक मालाची नाही. दाब द्यायच्या आधीच सरस थिजला होता.

प्रमाण वजनावर धरायचं, चमच्यावर नाही. 250 ब्लूमला एक भाग जिलेटिन आणि अडीच भाग पाणी. 190 च्या आसपासच्या मालाला एकास दोन किंवा किंचित कमी. ब्रेसिंगच्या, म्हणजे आतून आधाराच्या पट्ट्या (ब्रेस) चिकटवायच्या, एका बैठकीला 20 ग्रॅम जिलेटिन आणि 50 ग्रॅम पाणी पुरून उरतं. पाणी गार आणि फिल्टरचं घ्यायचं. बोअरचं जड पाणी टाळलेलं बरं. पूड अर्ध्या तासात फुगते, दाण्यांना एक-दोन तास लागतात, लादी फोडून रात्रभर ठेवावी लागते. भिजण्याआधी गरम पाणी ओतलं की गाठी होतात आणि त्या शेवटपर्यंत सुटत नाहीत.

तापवायला ब्युटी पार्लरमधला वॅक्स हीटर घ्यावा. याहून स्वस्त आणि नेमकं साधन आपल्या बाजारात दुसरं नाही. त्याच्या भांड्यात पाणी भरायचं आणि सरस प्लॅस्टिकच्या सॉसच्या बाटलीत घालून ती पाण्यात उभी ठेवायची. हीटरच्या चकतीवरचे आकडे भरवशाचे नसतात, म्हणून थर्मामीटर थेट सरसात बुडवायचा. तिथे 60 अंश हवेत. 65 च्या वर जाऊ द्यायचं नाही. उकळी फुटली की साखळ्या तुटतात आणि महागातला सरसही दाण्याच्या सरसाच्या पंगतीला जाऊन बसतो. नुसतं 60 वर तासन्‌तास ठेवल्यानेही जोर हळूहळू उतरतोच, म्हणून सकाळी चढवलेला सरस दिवसभर तापत ठेवायचा नाही. पाण्याची वाफ होऊन तो दाट होत जातो. मधूनमधून थोडं गरम पाणी घालून मूळ वजनावर आणायचा. दाटपणा डोळ्यांनी ओळखायचा: ब्रश उचलल्यावर गरम काकवीसारखी सलग धार पडावी, आणि धार संपताना थेंब तुटावेत. ढवळताना फेस करायचा नाही. ब्रश नायलॉनचा, लोखंडी पट्टी नसलेला. टॅनिन असलेल्या लाकडावर गंजाचा अंश गेला की काळे डाग पडतात आणि ते खरवडूनही जात नाहीत.

सरस घरी काढता येतो का? येतो. फायद्याचा आहे का? क्वचित. पण या भागात कच्चं कातडं मिळायच्या जागा आहेत, म्हणून रीत माहीत असावी. सगळ्यात आधी अथणी आणि निपाणीच्या चपला डोक्यातून काढून टाकायच्या. कोल्हापुरी चपलेला 2019 साली जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत, तेव्हा कातड्याच्या कातरणांचा ढीग इथे सहज दिसतो. "यातून फुकट सरस निघेल" हा विचार हमखास मनात येतो. निघत नाही. ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. त्यातलं टॅनिन कोलॅजेनला असं बांधून टाकतं की ते पाण्यात उतरतच नाही. कितीही शिजवा, चहासारखं पाणी हाती येतं आणि कातडं जागेवर राहतं. कापलेल्या कडेला निळसर झाक असेल तर ते क्रोमने कमावलेलं, ते त्याहून निरुपयोगी.

हवं ते न कमावलेलं कातडं. तबल्याच्या पुड्या करणाऱ्यांकडे, मिरजेत आणि बेळगावातही, बकऱ्याच्या कातड्याची कातरणं पडलेली असतात. ढोलकी, हलगी, संबळ, सौंदत्तीच्या वाटेवर दिसणारं चौंडकं, या सगळ्यांना असंच कातडं लागतं. वापरलेली पुडी मिळाली तर मधली शाई कापून फेकून द्यायची, कारण तिच्यात लोहचूर्ण असतं. वादीचे तुकडे जाड असतात; चालतात, पण वेळ दुप्पट लागतो. शंका असेल तर नखाएवढा तुकडा 65 ते 70 अंशांच्या पाण्यात टाकायचा. कच्चं कातडं मिनिटाभरात आखडून गोळा होतं आणि पुढे चिकट पडतं. कमावलेलं तसंच राहतं. बकरी किंवा म्हशीच्या कातड्यापलीकडे जायची गरज नाही. गोवंश हत्याबंदीचे कायदे सीमेच्या दोन्ही बाजूंना कडक आहेत, महाराष्ट्रात 2015 पासून आणि कर्नाटकात 2021 पासून. तेव्हा माल कुठला आहे ते विचारून घेतलेलं बरं.

एक किलो कातरणांना दहा लिटर पाणी आणि 300 ग्रॅम विरवलेला चुना. प्लॅस्टिकची बादली, हातमोजे, डोळ्यांना चष्मा; चुना डोळ्यात गेला तर थट्टा नाही. रोज एकदा ढवळायचं. केस काढलेल्या स्वच्छ कातरणांना आठवडा पुरतो, केसाळ कातड्याला दोन ते तीन आठवडे. चुना चरबी आणि सरसाच्या उपयोगाची नसलेली प्रथिनं सोडवतो. मग पाणी बदलत धूत राहायचं. शेवटच्या पाण्यांत थोडं व्हिनेगर टाकायचं आणि त्यानंतर हळदीच्या पाण्याचा थेंब टाकून बघायचा. तो तांबडा झाला तर चुना अजून आहे, पिवळा राहिला तर निघाला. चुना उरला तर सरस पांढुरका येतो.

आता कातडं जेमतेम बुडेल एवढंच पाणी आणि 65 ते 70 अंशांवर चार तास. उकळी नाही. वर आलेली चरबी कागदाने टिपून घ्यायची, मलमलीतून गाळायचं, पिळायचं नाही. ही पहिली काढणी सगळ्यात जोरदार. तीच गिटारीला ठेवायची. त्याच कातड्याची दुसरी काढणी फळ्यांना, तिसरी काढूच नये. गाळलेलं पाणी ट्रेमध्ये रात्रभर थिजवून बोटाच्या निम्म्या जाडीच्या पट्ट्या कापायच्या आणि मच्छरदाणीच्या जाळीवर पंख्याखाली वाळवायच्या.

इथे आपली हवा आडवी येते. ही जेली तिशीच्या आसपास वितळायला लागते, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी ती जाळीतून खाली ओघळते. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका; खानापूरच्या पावसात तिसऱ्या दिवशी पट्टीवर बुरशीची लव येते आणि वास गल्लीभर जातो. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची हवा कोरडी आणि रात्र गार असते, तेवढाच काळ या कामाचा. वाळलेली पट्टी हाताने वाकवली तर वाकायला नको, टचकन मोडायला हवी. एवढं सगळं करून गॅस, पाणी आणि दोन-तीन आठवड्यांचा वेळ मोजला, तर केकच्या दुकानातली पुडी स्वस्त पडते. घरी हाडं प्रेशर कुकरमध्ये शिजवायचा मोह मात्र कुणी धरू नये. खनिजं न काढता आणि चरबी न सोडवता जे हाती येतं त्याला रस्सा म्हणतात.

सरस थिजण्याचा वेळ लांबवायला युरिया घालतात. कोरड्या सरसाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे 20 ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम. पण कृषी केंद्रातला शेतीचा युरिया घ्यायचा नाही. 2015 पासून आपल्याकडे शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये हाही त्यामागचा एक हेतू होता, तेव्हा तो इकडे वापरणं नियमातही बसत नाही, आणि तेलाचा लेप जोडात गेला तर सरस धरत नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे शुद्ध युरिया छोट्या बाटलीत मिळतो. मीठ घालूनही वेळ लांबतो, पण मीठ हवेतलं पाणी ओढतं. आपल्या पावसाळ्यात तो जोड ओलसर राहतो. साइडच्या आतल्या कडेच्या पट्ट्यांना युरियाचा सरस ठीक. ब्रिजला, ब्रेसना आणि टॉपच्या, म्हणजे पुढच्या फळीच्या, मधल्या जोडाला शुद्ध सरसच.

आणि सगळीकडे सरसच, असाही हट्ट नको. फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची पट्टी, चिकटवताना सरसातलं पाणी लाकूड फुगवतं आणि नेक, म्हणजे गिटारीची मान, मागे वाकते. तिथे इपॉक्सी बरी. प्लॅस्टिकच्या बाइंडिंगला, म्हणजे कडेने लावायच्या पट्टीला, सरस धरतच नाही. ते आपापल्या गोंदाने लावावं.

ब्रिज बसवणं ही खरी परीक्षा, कारण हाताशी वीस-तीस सेकंद असतात. आधी सरस न लावता पूर्ण तालीम करायची: ब्रिज जागेवर, तीन खोल गळ्याचे क्लॅम्प, आतून ब्रेसना टेकणारी फळी, सगळं एकदा आवळून, सोडून, हाताशी मांडून ठेवायचं. ब्रिज सरकू नये म्हणून कडेने मास्किंग टेपची चौकट. शिसवीचा ब्रिज असेल तर त्याचा तळ त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, स्क्रेपरने खरवडून ताजा करायचा. शिसवीतलं तेल हळूहळू वर येत राहतं आणि काल खरवडलेला तळ आज पुन्हा तेलकट असतो. सागवानाचंही तेच. मग छताचा पंखा बंद, दारं-खिडक्या बंद. ब्रिजचा तळ हेअर ड्रायरने हाताला चांगला ऊन लागेल इतका तापवायचा, टॉपवरची जागा नुसती कोमट करायची. सरस ब्रिजच्या तळाला सढळ हाताने लावायचा, ब्रिज ठेवायचा, मधला क्लॅम्प आधी, मग दोन्ही कडांचे. चारी बाजूंनी सरस बाहेर यायला हवा. एखाद्या बाजूला आला नाही तर तिथे जोड कोरडा आहे असं समजून लगेच सोडायचं, गरम पाण्याने धुऊन पुन्हा सुरू करायचं. अर्ध्या तासाने क्लॅम्प "अजून थोडा" आवळायला जाऊ नये. थिजलेला सरस पुन्हा पसरत नाही, नुसता तडकतो. बाहेर आलेला सरस रबरासारखा झाला की बोथट पटाशीने उचलायचा आणि कोमट पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसायचा. तारा चोवीस तासांनी, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस.

उरलेला सरस बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरमध्ये टाकावा. एक-एक वडी काढून तापवता येते आणि काही महिने टिकते. नुसत्या फ्रिजमध्ये आठवडाभर. बाहेर ठेवलेला सरस आपल्या हवेत दोन दिवसांत पातळ होतो आणि अमोनियासारखा वास मारतो. तो तापवून बघत बसायचं नाही, झाडाला घालायचा. कोरडं जिलेटिन घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षानुवर्षं राहतं, फक्त ओल लागता कामा नये.

दुरुस्तीला आलेल्या गिटारीचा ब्रिज सुटलेला असेल, तर आधी तळ बघायचा. जुना सरस असेल तर तो मुळापर्यंत खरवडायची गरज नाही. कोमट पाण्याने ओला करून सैल थर पुसून टाकला की नवा त्यावर बसतो. फेविकॉल असेल तर मात्र लाकूड उघडं होईपर्यंत खरवडायचं, आणि डोळ्यांवर विश्वास न ठेवता जागोजाग पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. थेंब गोल उभा राहिला तिथे फेविकॉल अजून लाकडाच्या रंध्रांत आहे, तेवढी जागा पुन्हा खरवडायची. सगळे थेंब पसरून मुरले, की लाकूड सुकू द्यायचं आणि मगच हीटर लावायचा.